मेंदूचा वीस हजारावा भाग

नांदेड जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेदहा हजार चौरस किलोमीटर. त्याचे वीस हजार सारखे तुकडे पाडले तर एकेक तुकडा जेमतेम एकशेतीस एकरांचा भरेल. तेवढं एक रान, तेही किनवटच्या जंगलात कुठंतरी आत, एका दुपारी जळून जावं आणि त्या क्षणापासून जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत एकही नवी नोंद होऊ नये. ना जन्माची, ना सातबारावरच्या फेरफाराची, ना मोंढ्यातल्या आवकेची. जुनी दप्तरं शाबूत आहेत, कचेऱ्या उघड्या आहेत, माणसं खुर्चीवर आहेत, फक्त नवं काही लिहिलंच जात नाही.

माणसाच्या मेंदूत हे खरोखर घडतं. मेंदूचं आकारमान साधारण १,३०० घन सेंटिमीटर. त्यात पाच मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा, गोळा रक्ताविना मेला तर तो पासष्ट घन मिलिमीटर भरतो. वीस हजारातला एक भाग. पण तो नेमक्या जागी असला, तर सकाळी सोसायटीच्या कर्जाचा आकडा व्याजासकट तोंडपाठ सांगणाऱ्या माणसाला दुपारी विचारावं, आत्ता चहा घेतलात का, तर त्याला ते सांगता येत नाही. कप समोर असतो, तळाशी साय चिकटलेली असते.

हदगावसारख्या गावात हे कसं ओळखू येतं? बहुतेक वेळा येतच नाही. लकवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र असतं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली. 'वारं गेलं' म्हणतात ते हेच. इथं त्यातलं काहीच नसतं. पासष्टीचे नाना ओसरीवर बसलेले असतात, हातपाय धड, बोलणं स्वच्छ. स्वतःचं नाव, गाव, मुलांची नावं, कोणत्या साली विहीर पाडली, सगळं बरोबर. गाडीत घालून नांदेडकडे निघालं की विचारतात, "आपुन कुठं चाललाव?" "दवाखान्यात, नाना." "कुणाला काय झालं?" "तुम्हालाच, नाना." "मला? मला काय झालंय?" मग खिडकीतून बाहेर पाहत राहतात. वारंगा फाटा यायच्या आत त्याच आवाजात, त्याच चढउतारासह परत, "आपुन कुठं चाललाव?" मुलगा फोनवर बहिणीला सांगतो, "नाना येड्यावानी करायलेत, मघापासून एकच विचारायलेत."

'एकच विचारायलेत' हे त्या मुलाचं वाक्य कोणत्याही न्यूरॉलॉजिस्टला पुरेसं आहे. वेड लागलेला माणूस असा वागत नाही. दारू चढलेला असा वागत नाही. जुनं सगळं जागच्या जागी आणि नवं काही मिनिटांवर टिकत नाही, हा मेंदूतल्या एका विशिष्ट वाटेच्या तुटण्याचा पुरावा आहे. मराठवाड्यात अशा वेळी कुणीतरी भानामतीचं नाव घेतं, कुणी म्हणतं रानात चकवा लागला, कुणी म्हणतं पोराच्या काळजीनं डोक्यावर परिणाम झाला. त्यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत, म्हणून हा सगळा हिशेब मांडावासा वाटला.

मेंदूत चेतापेशी किती? ८,६०० कोटी. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मेंदूचं ऊतक विरघळवून, पेशींची केंद्रकं द्रावणात सोडून मोजली, त्यातून हा आकडा आला. त्याआधी पाठ्यपुस्तकांत सरसकट दहा हजार कोटी छापलं जायचं. मला या मोजणीतली वाटणी जास्त थक्क करते. ८,६०० पैकी ६,९०० कोटी पेशी मानेच्या वरच्या बाजूला बसलेल्या लहान मेंदूत आहेत. आपण ज्याला विचार, भाषा, नजर म्हणतो त्या सुरकुतलेल्या बाह्य थरात १,६०० कोटी. उरलेल्या सगळ्या मेंदूला, म्हणजे मधला गाभा आणि खालचा देठ यांना मिळून, एक टक्काही वाटा येत नाही. सत्तर कोटींच्या आसपास. स्मरणाची जी गाठ आपण शोधतो आहोत, ती या एक टक्क्याहून कमी असलेल्या वस्तीत आहे. तिचं नाव थॅलॅमस. डोक्याच्या अगदी मध्यावर, डावीउजवीकडे एकेक, लांबी तीनेक सेंटिमीटर.

आठवण तिथं साठत नाही. तिथून जाते. कानशिलाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाची वळकटी आहे, दोन्हीकडे मिळून सहा-सात घन सेंटिमीटर. दिवसभरातलं जे टिकवायचं ते आधी तिथं पोचतं. तिथून फोर्निक्स नावाची दोरी निघते, एका बाजूच्या दोरीत दहा लाखांहून अधिक तंतू. ती वळसा घेऊन मेंदूच्या तळाशी दोन लहानशा गोळ्यांपाशी येते. त्या गोळ्यांपासून वर थॅलॅमसपर्यंत एक जुडी जाते, जाडी अवघी काही मिलिमीटर, आणि थॅलॅमसपासून पुढे बाह्य थराकडे आणि फिरून हिप्पोकॅम्पसकडे. १९३७ साली अमेरिकेतल्या जेम्स पेपेझनं ही वाट कागदावर मांडली. त्याला वाटलं होतं ही भावनांची वाट आहे. पुढे कळलं की ती मुख्यतः स्मरणाची आहे.

आता त्या जुडीचा विचार करा. ८,६०० कोटी पेशींच्या मेंदूतली एक आख्खी क्षमता काही मिलिमीटरच्या गळ्यातून जाते. बाह्य थरात पाच मिलिमीटरचा गोळा मेला तर कित्येकदा माणसाला कळतही नाही, शेजारच्या पेशी काम उचलतात. तोच गोळा या गळ्यात पडला की वाटच बंद. डॉक्टर याला मोक्याच्या जागेचा झटका म्हणतात. त्यातही काही लोकांत निसर्गानं एक काटकसर केलेली असते. डाव्या आणि उजव्या थॅलॅमसच्या मधल्या भागाला सहसा वेगवेगळ्या बारीक रक्तवाहिन्या जातात, पण या लोकांत एकच खोड निघून दोन्हीकडे फाटे फुटतात. जेरार पेर्शरों या फ्रेंच डॉक्टरानं १९७० च्या दशकात ही रचना वर्णन केली आणि त्या वाहिनीला त्याचंच नाव मिळालं. मिलिमीटरभरही जाडी नसलेली ती एक नळी बुजली की दोन्ही बाजू एकदम जातात. माणूस आधी गुंगतो, उठवलं तरी डोळे मिटतो, आणि जागा झाल्यावर त्याचं स्मरण गेलेलं असतं.

मेंदूतल्या सगळ्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर सहाशे किलोमीटरच्या वर जातील, हदगावहून निघून मुंबई जवळजवळ गाठतील. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव एकूण ऊर्जेपैकी वीस टक्के खातो, मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त घेतो आणि शिलकीत काही ठेवत नाही. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला पन्नास मिलिलिटर रक्त लागतं. ते वीसच्या खाली आलं की पेशी गप्प होतात, पण जिवंत असतात. दहाच्या खाली गेलं की मरू लागतात. गप्प झालेली पण मेली नसलेली ती पट्टी वाचवण्यासाठीच सगळी धावपळ असते.

या बारीक नळ्या बुजतात कशा, हे शोधण्यात सी. मिलर फिशर या कॅनडात जन्मलेल्या डॉक्टरानं आयुष्य घातलं. दुसऱ्या महायुद्धात त्याचं जहाज बुडालं आणि तीन वर्षांहून अधिक काळ तो जर्मनांच्या कैदेत होता. सुटून आल्यावर बोस्टनमध्ये त्यानं मृतांचे मेंदू पातळ कापांत चिरून पाहायला सुरुवात केली. १९६५ साली त्यानं मांडलेला हिशेब असा: १,०४२ मेंदू तपासले, त्यांतल्या ११४ मध्ये मिळून ३७६ लहान खड्डे सापडले. त्यानं एकेका खड्ड्याची नळी सूक्ष्मदर्शकाखाली मागे मागे शोधत नेली, आणि बहुतेक खड्ड्यांमागे दिसला तो वाढलेला रक्तदाब. मोठ्या धमनीतून या बारीक नळ्या काटकोनात थेट फुटतात, मधे दाब उतरायला जागाच नसते. हाताच्या बोटापर्यंत पोचेतो रक्ताचा जोर फाट्याफाट्यांत विभागून उतरलेला असतो. थॅलॅमसच्या दारात तो जवळपास पूर्ण जोरानं आपटतो.

किती वेळा आपटतो? मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाख, वर्षाला तीन कोटी अडुसष्ट लाख. पंचेचाळिशीत बीपी वाढलं आणि पासष्टीपर्यंत गोळी घेतली नाही, तर वीस वर्षांत त्या अर्ध्या मिलिमीटरच्या नळीच्या भिंतीवर त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर कोटी वेळा जास्तीचा तडाखा बसलेला असतो. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार भारतात उच्च रक्तदाब असलेली माणसं साडेएकतीस कोटी. आपल्याकडे बीपीची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करायची पद्धत आहे. बरं वाटणं आणि भिंतीवरचा दाब यांचा काही संबंध नाही, हे आरोग्य केंद्रातल्या नर्सताई घसा कोरडा करून सांगतात. त्यांचं खरं आहे.

आता वेळेचा हिशेब. २००६ साली लॉस एंजेलिसच्या जेफ्री सेव्हर यांनी एक गणित केलं. मोठी धमनी बुजून झालेला, उपचार न मिळालेला झटका सरासरी दहा तास पसरत जातो आणि चोपन्न मिलिलिटर मेंदू गिळतो. पेशींची घनता माहीत असल्यानं पुढचं गणित सरळ होतं. दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात. त्यांच्यातल्या १,४०० कोटी जोडण्या तुटतात. आणि तंतूंची लांबी मोजली तर मिनिटाला बारा किलोमीटर तंतू नष्ट होतात.

हदगाव ते नांदेड पासष्टेक किलोमीटर. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहराच्या पलीकडे विष्णुपुरीला, म्हणजे एकूण पंचाहत्तरच्या घरात. अर्धापूरची गर्दी वगैरे सगळं सोडून दिलं आणि गाडी ताशी साठनं धावली असं मानलं, तर मिनिटाला एक किलोमीटर. गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेवढ्यात डोक्यात बारा किलोमीटर तंतू जातात. विष्णुपुरीच्या फाटकाशी पोचेपर्यंत नऊशे किलोमीटर तंतू आणि सव्वाचौदा कोटी पेशी. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. राज्याची २०११ ची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी धरली तर तेव्हा एक लाख वीस हजार माणसांमागे साधारण एक गाडी. ती गाडी मोकळी आणि जवळ असेल तर हा हिशेब थोडा सुधारतो. नसेल तर घरची जीप.

हे आकडे मोठ्या झटक्याचे आहेत हे स्पष्ट सांगायला हवं. नानांचा झटका चोपन्न मिलिलिटरांचा नाही, मिलिलिटरच्या पंधराव्या भागाचा आहे. पेशींच्या संख्येत तो कुठंच बसत नाही. पण आपण नुकसान पेशींत मोजायचं की जे गेलं त्यात मोजायचं? माझ्या मते इथं पेशी मोजून उपयोग नाही. चोपन्न मिलिलिटर गेलेला माणूस एका हातानं का होईना उद्या आपल्या नातवाला ओळखून कालची गोष्ट पुढे चालवू शकतो. पंधरावा भाग गेलेल्याला कालच नसतो.

तर नाना पोचले. सीटी स्कॅन झाला, आणि रिपोर्ट आला, 'नॉर्मल'. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पडू नये, कारण इथं यंत्राची मर्यादा समजून घ्यावी लागते.

सीटीचा जन्म मोठ्या कष्टातून झाला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा ईएमआय कंपनीतला इंजिनिअर. त्याच्या पहिल्या प्रयोगात एका वस्तूचं एक चित्र घ्यायला नऊ दिवस लागले. अठ्ठावीस हजार मोजमापं, आणि ती सोडवायला मोठ्या संगणकाला अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्यांदा एका जिवंत बाईच्या मेंदूचं चित्र निघालं. ऐंशी गुणिले ऐंशी चौकटींचं, म्हणजे फक्त ६,४०० ठिपके. त्यात तिच्या मेंदूतली गाठ दिसली. तोवर कवटी न उघडता मेंदूचं असं आतलं चित्र कुणी पाहिलेलं नव्हतं. १९७९ साली ॲलन कॉर्मॅकबरोबर त्याला नोबेल मिळालं.

हाउन्सफील्डच्याच नावानं सीटीची मोजपट्टी आहे. हवा उणे हजार, पाणी शून्य, टणक हाड हजाराच्या घरात. या दोन हजारांच्या पट्टीवर मेंदूचा करडा भाग पस्तीस ते चाळीस, पांढरा पंचवीस ते तीस. रक्त साकळलं तर साठ-सत्तर. म्हणून रक्तस्रावाचा झटका सीटीत पांढराशुभ्र उठून दिसतो, आणि तो आहे की नाही हे पाहण्यासाठी सीटी आधी करायलाच हवा. पण नळी बुजलेल्या भागात पहिल्या तासांत फक्त थोडंसं पाणी वाढतं. एक टक्का पाणी वाढलं की आकडा अडीचेकनं उतरतो. दोन हजारांत अडीच. तोही पाच मिलिमीटरच्या गोळ्यात, आणि सभोवती कवटीचं जाड हाड. नांदेडच काय, जगातल्या कोणत्याही शहरात पहिल्या दोन-तीन तासांत हा गोळा सीटीत सापडणं कठीण. 'नॉर्मल' याचा इथं अर्थ एवढाच, की रक्तस्राव नाही.

एमआरआय मात्र वेगळ्याच गोष्टीवर चालतो, आणि तिथले आकडे वाचताना मला आजही श्वास रोखावासा वाटतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांची नावं परार्धापाशी संपतात. एकावर सतरा शून्यं. आपल्या मेंदूच्या एक घन मिलिमीटरमध्ये, साखरेच्या एका दाण्याएवढ्या जागेत, पाण्यातले हायड्रोजनचे अणू मोजले तर ते पाचशे परार्ध भरतात. प्रत्येक अणूचं केंद्रक एक इवलासा चुंबक. एरवी ते सगळे वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. माणसाला दीड टेस्लाच्या चुंबकात सरकवलं, म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीपेक्षा तीस-पस्तीस हजारपट जोराच्या चुंबकात, तर ते रांगेत उभे राहावेत अशी आपली अपेक्षा. पण शरीराची ऊब त्यांना राहू देत नाही. जवळजवळ निम्मे चुंबकाच्या बाजूनं, निम्मे विरुद्ध. दर दहा लाखांत फक्त पाचांचं बहुमत होतं. बाकी सगळे एकमेकांना खोडून टाकतात.

दहा लाखांतल्या त्या पाचांवर सगळं एमआरआय उभं आहे. चालतं, कारण पाचशे परार्धांतले दहा लाखांत पाच म्हणजे सुद्धा अडीच कोटींना एक कोटीनं गुणावं इतके. हे केंद्रक सेकंदाला सहा कोटी अडतीस लाख गिरक्या घेतात, एफएम रेडिओच्या पट्टीच्या जरा खाली. म्हणून ती खोली तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली असते, बाहेरची एखादी लहर आत आली तर चित्र बिघडतं. चुंबकाची तार उणे २६९ अंशांवर, द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवलेली. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही नांदेडच्या त्या खोलीतल्या यंत्राच्या पोटात विश्वाच्या पोकळीच्या जवळपासची थंडी असते.

पण झटका ओळखायला त्याहून एक नाजूक गोष्ट मोजतात. पाण्याचा रेणू स्थिर बसत नाही, सतत धक्के खात भटकतो. मोजमापाच्या त्या सेकंदाच्या विसाव्या हिश्शात निरोगी मेंदूतला रेणू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका सरकतो. रक्त बंद झालं की पेशींचे क्षार उपसणारे पंप थांबतात, पाणी पेशीत शिरतं, पेशी फुगतात, त्यांच्यामधल्या फटी आवळतात आणि पाण्याला फिरायला जागा उरत नाही. भटकंती अर्ध्यावर येते. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या दनी ल बिआं यांनी ही भटकंती एमआरआयवर मोजायची रीत काढली, आणि १९९० साली मायकेल मोझली यांच्या गटानं मांजरांवर दाखवलं की झटक्यानंतर तासाभराच्या आतच ती मंदावल्याचं दिसतं. माणसांत या चित्राला 'डिफ्यूजन' म्हणतात. एक-दोन मिनिटांत निघतं. काळसर मेंदूत मधोमध एक पांढरा ठिपका. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची ही हालचाल नुसती मंदावली, एवढ्यावरून पंचाहत्तर किलोमीटर दूरच्या ओसरीवर दुपारी काय झालं ते कळतं.

याच चित्रात नानांच्या घरच्यांना खरा दिलासाही मिळू शकतो. अचानक स्मरण जाण्याचं एक दुसरं कारण आहे, आणि तेही फिशरनंच रेमंड ॲडम्सबरोबर १९६४ साली नावारूपाला आणलं, ट्रान्झियंट ग्लोबल ॲम्नेशिया. पन्नास ते सत्तरचं वय, अचानक सुरुवात, तोच तोच प्रश्न, आणि चोवीस तासांच्या आत सगळं पूर्ववत. फक्त मधले काही तास कायमचे कोरे राहतात. वर्षाला लाखात पाच ते दहा जणांना हे होतं. थंड पाण्यात उतरणं, जड ओझं उचलणं, मोठा धक्का बसणं याच्यामागोमाग कित्येकदा येतं. यात हिप्पोकॅम्पसच्या एका पट्ट्यात एक ते तीन मिलिमीटरचा ठिपका उमटतो, आणि गंमत अशी की तो लगेच दिसत नाही. माणूस घरी जाऊन व्यवस्थित जेवायला बसतो तेव्हा, चोवीस ते बहात्तर तासांनी, तो सगळ्यांत ठळक असतो. चित्राचा काप पाच मिलिमीटर जाडीचा घेतला तर हुकतो, तीनचा घेतला तर सापडतो. थॅलॅमसच्या झटक्याचा ठिपका मात्र सहसा पहिल्या काही तासांतच दिसतो. दोन्हींत माणूस एकच प्रश्न विचारतो. कुठला आजार हे घरच्यांनी ठरवायचं नाही, चोवीस तास वाट पाहून तर अजिबात नाही.

असे किती नाना असतील? मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या गटानं २००५-०६ मध्ये दीड लाखांहून अधिक वस्तीवर बारीक नजर ठेवली, तेव्हा पहिल्या झटक्याचं प्रमाण वर्षाला लाखात १४५ निघालं. जवळजवळ तीस टक्के माणसं अठ्ठावीस दिवसांत गेली. तेच प्रमाण नांदेड जिल्ह्याच्या २०११ च्या ३३,६१,२९२ लोकसंख्येला लावून पाहिलं तर वर्षाला ४,८७४. रोजचे तेरा. गावाकडचं चित्र मुंबईहून वेगळं असेल, पण सौम्य असेल असं समजू नये. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेत डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या ९४ हजार लोकांमधला एकेक मृत्यू दोन वर्षं तपासला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ झटक्यानं झालेले, आणि मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण तेच. त्यातले बहुसंख्य लोक घरीच गेले. जिथं तोंड वाकडं झालेला माणूसही दवाखान्यापर्यंत पोचत नाही, तिथं नुसतं विसरणारा कोण मोजतो? रोजच्या तेरांत ते कदाचित धरलेलेच नाहीत.

रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, हे आता गावोगावी थोडंफार माहीत झालं आहे. स्मरण गेलेल्या माणसात अडचण अशी, की साडेचार तास मोजायचे कुठून? तो रानात एकटा होता. कधी सुरू झालं हे त्याला सांगताच येत नाही, कारण सांगायला लागणारी गोष्टच गेली आहे. इथं एमआरआय घड्याळासारखा वापरता येतो. डिफ्यूजनच्या चित्रात ठिपका मिनिटांत उमटतो, पण 'फ्लेअर' नावाच्या दुसऱ्या चित्रात तो उमटायला साधारण साडेचार तास घेतो. पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे वेळ अजून हातात आहे. २०१८ साली 'वेक-अप' नावाच्या चाचणीत वेळ माहीत नसलेल्या ५०३ रुग्णांवर हे तपासलं गेलं. चित्राच्या घड्याळावर विसंबून इंजेक्शन दिलेल्यांपैकी ५३ टक्के जवळजवळ पूर्ववत झाले, न दिलेल्यांपैकी ४२ टक्के. शंभरात अकरा माणसं जास्त. त्याचबरोबर रक्तस्रावाचा धोकाही थोडा वाढतो, म्हणून निर्णय तज्ज्ञांनीच घ्यायचा.

दुसरं घड्याळ घरच्यांकडे असतं, आणि त्याला यंत्र लागत नाही. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात: शेवटचे नीट कधी दिसले? उत्तर 'दुपारी कधीतरी' असं असेल तर साडेचार तासांचा हिशेब सकाळपासून धरावा लागतो आणि दार बंद होतं. म्हणून विचारपूस निघायच्या आधीच करून घ्यायची. किराणा दुकानात उधारी लिहिताना किती वाजले होते, मुलीशी फोनवर शेवटचं सरळ बोलणं कधी झालं, फोनमध्ये ती वेळ मिनिटासकट असते. १२ वाजून ४० मिनिटांनी नानांनी लेकीला सोयाबीनचा भाव विचारला आणि उत्तर ऐकून ठेवलं, दोन वाजता तेच तिसऱ्यांदा विचारलं. रेफर चिठ्ठीवर बीपीच्या आकड्याशेजारी या दोन वेळा लिहून घ्या, आणि खाली चालू गोळ्यांची नावं.